नांदेडच्या सर्व्हरचा खालचा थर

हे सांगायचं मी सात वर्षं टाळलं, मंगल. आधी वाटलं, निकालाचा गोंधळ शमला की सांगू. मग वाटलं, तुझं उमरीत बस्तान बसलं की सांगू. मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग कुणाचं तरी लग्न, आणि मग कारणं संपली तरी टाळतच राहिलो. परवा तुझ्या नवऱ्याचा, दिगंबररावांचा फोन आला. "सर, मंगलला जाऊन महिना होईल, त्या दिवशी तिच्या आठवणीची छोटी पुस्तिका काढून राहिलोत. दोन पानं तुम्ही लिहा. तिच्या तोंडात सारखं तुमचंच नाव असायचं." मी बरं म्हणालो. आणि फोन ठेवला. सुधा, म्हणजे तुझी काकू, स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "आता तरी खरं लिहा." तिला सगळं ठाऊक आहे. तुझ्या नवऱ्याला नाही. म्हणून ही पानं तुझ्याशी बोलत लिहितोय, पण वाचायची आहेत त्याला, उमरीच्या लोकांना, आणि ज्यांनी तुला दोष दिला त्यांना. तुला पाठ असलेल्या गोष्टीही मी सांगेन, तेवढं चालवून घे.

हल्ली दुपारी जेवून पडलं की एकच दृश्य दिसतं. लातूरच्या कॉलेजातला आपला वर्ग, खिडक्यांना काळे पडदे, मधल्या टेबलावर ओव्हरहेड प्रोजेक्टर. त्याच्या काचेवर पारदर्शक शीट, तिच्यावर छापलेली आकृती. त्यावर दुसरी कोरी शीट ठेवून मी मार्करनं लिहितोय. तास संपत आला की ओल्या बोळ्यानं वरची शीट पुसतो, खालची आकृती जशीच्या तशी राहते. स्वप्नात मात्र ती आकृती राहत नाही. हळूहळू तिचा एका गावाचा नकाशा होतो. दगडी भिंती, पिंपळाचा पार, एक आड. मी पुसतोय, पुसतोय, आणि पहिल्या बाकावरून तू म्हणतेस, "सर, काय पुसून राहिलात? ते तर खालचं हाय." भिंतीवरचा उजेड हलतो आणि मी जागा होतो. बाहेर भर दुपार असते, समोरच्या गल्लीत क्लासची पोरं सायकली काढत असतात.

तुझी माझी ओळख त्या वर्गातली नाही, त्याआधीची. भूकंपानंतर तुमच्या गावाची माणसं माळावर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. मी कॉलेजच्या मुलांना घेऊन तिथल्या शाळेत शिकवायला यायचो. तू नऊ वर्षांची. तुमच्या घरातली चार माणसं गेली होती, तू आणि आई उरलात. तू कुणाशी बोलायची नाहीस. एके दिवशी मी भूकंप का होतो ते फळ्यावर समजावून सांगितलं, आणि तू उभी राहिलीस.

"सर, जमीन परत हलंल का वो?"

खरं उत्तर होतं, ठाऊक नाही. मी म्हणालो, "नाही. आता नाही हलणार." मला शंकाच नसल्यासारखं म्हणालो. माझा आवाज चांगला होता, त्याचा उपयोग मी जन्मभर केला.

चार दिवसांनी भर दुपारी जमीन हलली. फार नाही, पण पत्रे खडखडले आणि माणसं रडत उघड्यावर धावली. पुढच्या खेपेला मी खाली मान घालून आलो. तू समोर येऊन उभी राहिलीस, म्हणालीस, "सर, हलली की!" आणि हसायला लागलीस. तुझी आई दारात भाकरी थापत होती. ती हात तसेच ठेवून म्हणाली, "हासली बघा पोरगी. लई दिसानं हासली." सगळे माझ्यावर हसले, मीही हसलो. चुकीचं उत्तर इतकं गोड कधीच ठरलं नव्हतं. तिथंच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण झालं उलटं. विद्यार्थ्यानं विचारलं की उत्तर द्यायचंच, आणि ठाम द्यायचं, ही माझी सवय त्या हसण्यानं आणखी पक्की झाली.

अकरावीला तू लातूरला आलीस, होस्टेलवर राहिलीस, माझ्या वर्गात बसलीस. मग नांदेडला इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी, मग लग्न करून उमरी. मी तोवर निवृत्त झालो होतो. लातूरच्या एका मोठ्या क्लासचं संगणकाचं काम बघत होतो. शहरात जिकडे तिकडे क्लासच क्लास, चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फलक. आमच्या क्लासनं नांदेडला शाखा काढली, सराव परीक्षा संगणकावर घ्यायच्या ठरल्या. संचालक मला म्हणाले, "सर, तुम्हाला एकट्यानं झेपायचं नाही. कुणी भरवशाचं माणूस आहे का?" मी तुझं नाव सांगितलं. तुला मीच बोलावलं, ही गोष्ट मी कधी विसरू शकलो नाही.

पहिल्याच आठवड्यात नांदेडच्या शाखेत, वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत, तू मला शिकवलंस. सर्व्हरची घरघर चालू, खिडकीतून लांबवर गुरुद्वाऱ्याचा कळस चमकत होता. मी नुसता घोकून काम करणारा माणूस, परीक्षेचा प्रोग्राम ज्यात बांधून सर्व्हरवर चढवायचा तो कंटेनर म्हणजे काय ते मला कळत नव्हतं. तू माझ्या पिशवीतल्या जुन्या पारदर्शक शीट काढल्यास आणि फरशीवर एकावर एक ठेवल्यास.

"कंटेनर म्हंजे ही तुमची चळत, सर. खालच्या शीट छापील. त्यांच्यावर कुणी लिहायचं न्हाई, नुसतं वाचायचं. सगळ्यात वरची तेवढी कोरी. लिहायचं ते तिच्यावर. वरून बघणाऱ्याला सगळं मिळून एकच पान दिसतं."

"आणि बघणारा कोण?"

"कर्नल. यंत्राचा मूळ कारभारी. चळतीकडं बघून तो सांगतो, हे आहे, हे न्हाई."

"खालच्या शीटवरची एखादी ओळ खोडायची असली तर?"

तू डोळे बारीक करून हसलीस. परीक्षेत चांगला प्रश्न आला की तू अशीच हसायचीस. पिशवीतूनच पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा काढून तू वरच्या शीटवर लावलास, बरोबर खालच्या ओळीवर. "खोडता येत न्हाई. झाकायचं. कर्नलला ही चिकटपट्टी दिसली की तो समजतो, खालची ओळ गेली. पण त्याला ही चिकटपट्टी आहे हे ओळखू यायला पाहिजे. त्यासाठी सगळ्यांच्या खाली जी डिस्क असते, तिनं प्रत्येक नावापुढं लिहून ठेवायला पाहिजे की हे नाव कशाचं, फाईलचं, फोल्डरचं का चिकटपट्टीचं. डिस्क फॉरमॅट करतानाच ते ठरतं. एफटाइप नावाचा पर्याय असतो. एक ठेवला तर लिहितं, शून्य ठेवला तर न्हाई. आणि एकदा ठरलं की ठरलं. नंतर बदलायचं तर डिस्क पुसून पहिल्यापासून."

"पाया बदलायचा तर गाव उठवायचं," मी म्हणालो.

मला वाटलं, नको ते बोललो. पण तू म्हणालीस, "हाव. आमचं उठवलंच की. दुसऱ्या जागी बसवलं म्हणून तर उभं हाय." जुन्या गावात तू पुन्हा कधी गेली नव्हतीस. मी सारखा म्हणायचो, एकदा जाऊन ये. तू म्हणायचीस, "खालचं वाचायचं असतं सर, त्याच्यावर परत घर बांधायचं नसतं." हा आपला वाद अर्धाच राहिला. तुझंच बरोबर होतं असं आता वाटतं, पण कबूल करायला तू समोर नाहीस.

नांदेडचा सर्व्हर तू यायच्या आधी मी तयार केला होता. तुला तो पहिल्यापासून पुन्हा उभा करायचा होता. म्हणालीस, खालचं काम आपल्या हातचं नसलं की मला झोप येत नाही. मला राग आला. "अगं, माझ्या हातचं आहे ना ते!" तू लगेच माघार घेतलीस.

मग तू कंटेनर चढवलेस आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आलीस. मी वर्गातल्या खुर्चीवर पेपर तपासत बसलो होतो.

"सर, कर्नलच्या नोंदींत एक ओळ येऊन राहिली. खालच्या डिस्कवर नावांचे प्रकार लिहिलेले न्हाईत म्हणते. तुम्ही फॉरमॅट करताना एफटाइप एक ठेवला होता ना?"

मंगल, मी तो पर्याय कधी बघितलाच नव्हता. सिस्टीम चढवायचा जुना पेन ड्राइव्ह लावला होता, पडद्यावर जे येईल त्याला पुढे, पुढे करत गेलो होतो. आणि मी पेपरावरून नजरही न उचलता म्हणालो, "हो. मी काय पहिल्यांदा डिस्क फॉरमॅट करतोय?"

"मग ती ओळ उगंच येत असंल," तू म्हणालीस आणि गेलीस.

एका आज्ञेचं काम होतं. टाइप केलं असतंस तर क्षणात खरं कळलं असतं. तू केलं नाहीस, कारण सरांनी सांगितलेलं तपासायचं नसतं, हे आपल्याकडे पोरांना कुणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना येतं. कर्नल खोटं बोलतो असं तू मानलंस. सर खोटं बोलतील असं मानलं नाहीस.

महिनाभर काही बिघडलं नाही. कारण काही खोडायची वेळच आली नव्हती. मग मोठी सराव परीक्षा आली, जिच्यावरून पहिल्या तुकडीत कोण बसणार ते ठरायचं. भौतिकशास्त्राची उत्तरसूची माझी. तिच्यात एक उत्तर चुकलं होतं, म्हणून मी नवी सूची पाठवली. तू जुनी काढून टाकलीस, नवी घातलीस. लातूरच्या सर्व्हरवर सगळं सुरळीत, कारण तिथल्या डिस्कवर एफटाइप एकच होता. नांदेडला मात्र तुझी चिकटपट्टी कर्नलला ओळखूच आली नाही. यादीत जुन्या सूचीचं नाव दिसत राहिलं, आणि उघडायला गेलं की उत्तर येई, अशी फाईल नाही. आहे म्हणून नाव सांगायचं आणि हाक मारली की ओ द्यायची नाही. आमचा तपासणीचा प्रोग्राम तिथं अडला, आणि त्यानं नांदेडच्या प्रत्येक पोराला भौतिकशास्त्रात शून्य दिलं.

सोमवारी सकाळी शाखेच्या जिन्यावर पालकांची रीघ. एक बाई ओरडत होती, "माझी लेक रडून रडून ताप आणून बसलीय, तुमच्या मशीनला लाज हाय का?" तू जिन्यात उभी राहून प्रत्येकाला सांगत होतीस, पेपर परत तपासले जातील, एकाचाही मार्क बुडणार नाही. मी आत होतो.

पुढचे तीन दिवस तू काय काय केलंस ते मी बघितलं. कंटेनर पुन्हा बांधलास. प्रोग्राम ओळ न् ओळ वाचलास. नवा कर्नल घातलास, जुना घातलास. एकेक थर वेगळा करून उघडून बघितलास. चहा गार व्हायचा. मध्येच माझ्याकडे वळून म्हणायचीस, "सर, खालचं ठीक आहे म्हंजे चूक वरच्याच थरात असणार. माझीच आहे. सापडंना फक्त."

दुसऱ्या दिवशी तू जेवायला खाली गेलीस तेव्हा मी ती एक आज्ञा टाइप केली. पडद्यावर ओळी आल्या, आणि त्यातल्या एकीच्या शेवटी: एफटाइप बरोबर शून्य. मी पडदा पुसला आणि पुन्हा टाइप केलं. शून्यच. जिन्यात तुझी पावलं वाजली. तू दारातून विचारलंस, "काही दिसलं का सर?" मी म्हणालो, "नाही."

पहिलं उत्तर अज्ञानातलं होतं, त्याची मी माफी मागू शकलो असतो. हे दुसरं मात्र मला ठाऊक असून दिलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी लातूरच्या सर्व्हरवर सगळे पेपर तपासून झाले, निकाल लागला. चौथ्या दिवशी बैठक. संचालकांनी विचारलं, "हे नेमकं कुणामुळं झालं?" खोलीत पाच-सहा जण होते. तू माझ्याकडे बघितलंस. नुसतं बघितलंस, त्यात प्रश्नही नव्हता. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होतो. मग तुझा आवाज आला, "माझी तपासणी कमी पडली." संचालक म्हणाले, "एवढ्या पोरांचा प्रश्न आहे मॅडम. नांदेड दुसऱ्याकडं देऊ." संध्याकाळी तू राजीनामा दिलास. जाताना माझ्या पाया पडलीस. मी आशीर्वादसुद्धा दिला.

पुढच्या रविवारी शाखा बंद असताना मी एकटा नांदेडला गेलो. डिस्क पुसून पहिल्यापासून करायची होती. त्याआधी सगळ्याची प्रत काढावी लागणार, म्हणून मी शाखेत प्रतींसाठी ठेवलेली दुसरी डिस्क लावली. तिच्यावर प्रत आधीच काढलेली होती. पूर्ण, नीट, कुठला फोल्डर कुठं ठेवायचा याच्या टिपणासह. तारीख बैठकीच्या आदल्या दिवसाची. टिपणाच्या शेवटी तू लिहिलं होतंस: सर, आधी ही प्रत तपासून घ्या, मगच खालची डिस्क पुसा.

म्हणजे तुला कळलं होतं. तिसऱ्या दिवशीच. ती एक आज्ञा तूही टाइप केली होतीस. आणि तरी बैठकीत तू ते वाक्य बोललीस. मला तोंड उघडायला जागा ठेवलीस, मी उघडलं नाही, तेव्हा ते ओझं स्वतःवर घेतलंस. खिडकीतून गोदावरीकडचा वारा येत होता, सर्व्हर बंद होता, आणि इतकी शांतता होती की पत्र्याच्या शेडमधली तुझी हाक ऐकू यावी. सर, हलली की.

मग मी डिस्क पुसली, एफटाइप एक ठेवला, तुझी प्रत परत चढवली. सगळं चाललं. सोमवारी संचालक सर्वांसमोर म्हणाले, "बघा, मॅडमना जमलं नाही ते सरांनी एका दिवसात केलं." टाळ्या वाजल्या. मंगल, मी त्या टाळ्या घेतल्या.

तुझं नाव मात्र क्लासवाल्यांत फिरत राहिलं. कुठं विचारलं की म्हणायचे, "ती होय? निकाल उडवलेली?" कर्नलच्या नोंदी वाचणारी तू, उमरीत ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान टाकून बसलीस. ते दुकान हलकं होतं असं मला म्हणायचं नाही. फोनवर दिगंबरराव सांगत होते, तुझ्या दारात अजून माणसं येऊन उभी राहतात, शटर बंद बघून परत जातात. पण तुझी ती जागा तू निवडलेली नव्हती. ती मी निवडली.

एकदा मी आलो होतो, आठवतं? दोन वर्षांमागे. लातूरहून एसटीनं नांदेड, तिथून रेल्वेनं उमरी. पूर्ण रस्ता मी वाक्य घोळवत आलो. अहमदपूरला एक रचलं, लोह्याला मोडलं. रेल्वेत शेवटी चार छोटी वाक्यं उरली, ती मी पाठ केली. तू दुकानात एका म्हाताऱ्या बाईचा पेन्शनचा अर्ज भरत होतीस. मला बघून उठलीस. "अगंबाई, सर! बसा बसा. एवढं आजीचं होऊ द्या. आजी, हे माझे सर. ह्यांनीच मला सांगितलं होतं जमीन हलणार न्हाई म्हणून." आजी म्हणाली, "मग?" तू म्हणालीस, "मग काय, हलली!" आणि दोघी हसलात. मीही हसलो, त्या माळावर हसलो होतो तसाच.

तू चहा मागवलास. काकूंची चौकशी केलीस. माझ्या डोळ्यांची केलीस. मग कपबशी उचलता उचलता, माझ्याकडे न बघता विचारलंस, "नांदेडचा सर्व्हर नीट चालून राहिला ना, सर?"

तू दार उघडून दिलं होतंस. मला फक्त आत यायचं होतं.

मी म्हणालो, "हो."

"मग झालं," तू म्हणालीस, आणि पुढच्या माणसाचा कागद हातात घेतलास.

ही पानं मी संचालकांनाही पाठवतोय, जसंच्या तसं. त्यांना काय करायचं ते करू देत. दिगंबरराव, तुम्ही हे छापा. आणि मंगल, लोह्याला मोडलेलं सोडून दे, उमरीच्या गाडीत उरलेली ती चार वाक्यं अशी होती:

ती डिस्क मी फॉरमॅट केली होती. मी बघितलं नव्हतं, आणि तुला हो म्हणालो. नंतर बघितलं, आणि तुला नाही म्हणालो. पोरी, माझं चुकलं, मला माफ कर.